वीस एमएम, चाळीस एमएम

डांबर संपतं तिथं हितेंद्र थांबतो,
दोन्ही टायरांतली थोडी थोडी हवा सोडतो.
फुस्स.
मागच्या सीटवरून दुष्यंत म्हणतो, सायकल झोपली.
झोपली नाही रे, मऊ झाली,
आता दगडांशी दगडासारखं वागून चालणार नाही.

शनिवार. चोपडा मागे पडलेलं.
आवर्तन सुटलंय, पाट काठोकाठ,
आणि त्याच्या भरावावरून आम्ही,
एकीकडे पाणी, एकीकडे केळी,
घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या,
शाळेत निघाल्यासारख्या.

मिताली सगळ्यांच्या पुढं.
वय आठ, गिअर सहा,
त्यातला तिसराच तिला आवडतो.
चढ असो, उतार असो, तिसरा.

मी आठवड्याचे सहा दिवस खडी मोजते.
क्रशरचा वजनकाटा, काचेची खोली,
भरलेला डंपर, रिकामा डंपर, वजाबाकी, पावती.
वीस एमएम. चाळीस एमएम. कच.
अकरा वर्षांत तिचा आवाज कधी ऐकला नव्हता,
आवाज क्रशरचाच इतका.
मुरूम दाताखालच्या गुळासारखा विरघळतो.
वीसची खडी तव्यावरच्या हरभऱ्यासारखी तडतडते.
आणि चाळीसची आली की
ती माझं एकेक हाड मोजते
आणि पावती देत नाही.

भोकरटेकच्या अलीकडे दादरीच्या बांधावर
एक आबा उभे, डोक्याला मफलर.
"कथा चालनात पोरेसले लिसन?"
अनेरकडं, हितेंद्र म्हणाला.
"मंग तथा डांबरी शे ना! आठे गोटासमा कसाले?"
मज्जा म्हणून, मिताली म्हणाली.
आबांनी तिच्याकडं पाहिलं, मग सायकलींकडं,
मग बराच वेळ रस्त्याकडं.
"नऊ वरीस व्हयनात, आम्हीन डांबर मांगी ऱ्हायनूत."
एवढंच.
रागावले नव्हते. तेच जड गेलं.
निघताना हरभऱ्याचे दोन डहाळे
दुष्यंतच्या हातात दिले, मुळासकट, माती झटकून.

रात्री हितेंद्रच्या मावसभावाच्या मळ्यात,
मोटारीच्या खोलीबाहेर खाटा.
भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात,
मुलांना तिखट लागलं तरी थांबेनात.
केळीची पानं रात्रभर एकमेकींना फाडत होती.
दुष्यंत झोपेत थरथरत होता,
ताप नव्हता, हात लावून पाहिला.
खडी अजून त्याच्या अंगातून चालली होती.

रविवारी उतारावर मितालीनं पुढचा ब्रेक दाबला.
नको होता दाबायला, सांगितलं होतं,
दहादा सांगितलं होतं.
गुडघा फुटला. पाटाच्या पाण्यानं धुवायला नको,
बाटलीतलं ओतलं.
कातडीत एक काळा खडा रुतलेला.
मी सेफ्टी पिन काढली, लायटरनं तापवली.
ती ओरडली. दुष्यंतही ओरडला, सोबत म्हणून.
खडा निघाला तेव्हा हात आपोआप
तळव्यावर त्याचं वजन घेत होता.
"आई, आपल्याकडचा आहे?"
असेल.
"मग पावती फाड."
रडता रडता म्हणाली ही.
खडा तिनं घंटीच्या टोपणाखाली ठेवला.
तेव्हापासून घंटी नीट वाजत नाही,
किटकिट करते,
काढू देत नाही.

चैत्रात एक डंपर काट्यावर आला.
चौदा टन, वीस एमएम.
चालकानं चिठ्ठी सरकवली.
काम: डांबरीकरण, पाटचारी ते भोकरटेक.
मी चिठ्ठी दोनदा वाचली.
काचेपलीकडं तो हॉर्न वाजवत होता.
आबांचा मफलर आठवला, आता उन्हाळ्यात काय घालत असतील.
शिक्का मारला. जरा जोरातच मारला.

घरी अजून सांगितलेलं नाही.
मिताली अंगणात गोल गोल फिरतेय,
तिसऱ्याच गिअरमध्ये,
गुडघ्यावर नवी गुलाबी कातडी.
हितेंद्र ओट्यावर नकाशा पसरून बसलाय.
विचारतो, यावलकडं अजून कच्चा उरलाय का गं कुठं?
तुलाच माहीत असणार.